गफूरचाचाची जीभ आणि जांभळा अकीक

आमच्या दुकानात खडे कमी आणि किस्से जास्त निघायचे. चाकाखाली साचलेला दगडाचा गाळ संध्याकाळी झाडून बाहेर टाकता यायचा. किस्से कुठं झाडणार? ते साचतच गेले. आता माझे दात गेले, नजर गेली, हातोडी धरवत नाही, पण किस्से सगळे जागच्या जागी आहेत. बसा, सांगतो. ज्याला घाई असेल त्यानं आत्ताच उठावं. मधूनच उठलेलं मला चालत नाही.

निजामाचं राज्य होतं. सरकारी कागदात आमच्या गावाला मोमिनाबाद म्हणायचे, आम्ही आपलं आंबेजोगाईच म्हणायचो. बाजाराच्या तोंडाशी एक पत्र्याची पडवी होती. अर्ध्या पडवीत मी, दिगंबर सोनार. उरलेल्या अर्ध्यात गफूरचाचा, दगड घासून खडे करणारे. ते खडा करायचे, मी चांदीत बसवायचो. मी तापट, ते थंड. गिऱ्हाईक माझ्याशी भांडून उठलं की त्यांच्याकडं जाऊन पाणी प्यायचं आणि अंगठी घेऊनच घरी जायचं. असा आमचा धंदा.

खडा म्हणजे हिरे-माणकं समजू नका. आमचा माल अकीक. अकीक हा आपल्या गारगोटीचाच शिकलेला भाऊ. काळ्या खडकात, नाल्याच्या कडेनं सापडतो. बहुतेक पांढरट, नाहीतर राखाडी. मडक्यात घालून भाजला की लाल होतो. मुसलमान लोक बरकतीसाठी बोटात घालायचे, आपले लोक ग्रहासाठी. दोघांवर मिळून आमच्या चुली पेटायच्या. पण मूळचाच जांभळा निघालेला अकीक म्हणजे शंभर दगडांत एखादा, तोही नशीब असेल तर. आमचे सगळे किस्से त्या जांभळ्याचेच. चाचीच्या, म्हणजे गफूरचाचाच्या बायकोच्या अंगठीतला खडाही जांभळाच होता, आणि त्याची एक कड तुटकी होती. का, ते शेवटी येईल.

*

दगड आणून द्यायची गोदामावशी. राहायची नांदूरघाटला, पण लेक आमच्या गावात दिलेली. महिन्या-दोन महिन्यांनी बैलगाडीनं लेकीकडं यायची आणि येताना नाल्यातल्या गारगोट्या ओटीत भरून आणायची. बाई लई सरळ. विचारलं तेवढंच सांगणार, पण जे सांगेल ते खरं.

चाचाची दगड पारखायची एक रीत होती. दगड हातात घ्यायचा, उजेडात धरायचा, आणि मग जीभ लावायची. म्हणायचे, "काच जिभेवर लगेच गरम होती. अकीक थंडच राहतो. डोळे फसतील बे, जबान न्हाई फसत."

एकदा मावशीनं ओटी सोडली आणि त्यातून मुठीएवढा दगड निघाला. लुगड्यावर जांभूळ सांडावं, तीनदा धुवावं आणि तरी डाग राहावा, तसला रंग. चाचांनी तो उचलला. उजेडात धरला. मग डोळे मिटून जीभ लावली. एकदा लावली, दोनदा लावली. पालथा करून पुन्हा लावली.

"थंड हाय," म्हणाले. "कुठं गावला गं हा?"

"घरामागं. उकिरड्यावर. शेणात अर्धा रुतलता, म्या काठीनं उकरून काढला."

चाचांनी दगड खाली ठेवला. तोंड पुसलं. मग म्हणाले, "कुठला का असंना. थंड हाय."

तो दगड त्यांनी कापला नाही. रोज सकाळी काढायचे, फिरवून बघायचे आणि परत रुमालात बांधून ठेवायचे. मी म्हणायचो, "चाचा, कापा की आता." ते म्हणायचे, "मोठा पत्थर हाय. एकदा चुकलं म्हणजे चुकलं. अजून बघतोय, कुठून कापावा."

असं त्यांनी चार वर्षं बघितलं.

*

त्याच वर्षांत मुंबईकडून रंगवलेले खडे बाजारात यायला लागले. लाल, हिरवे, जांभळे, जे पाहिजे ते. लोकांचा विश्वास उडाला. आमच्या दुकानात येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "रंगाचा न्हाई ना?" पुढं पुढं तर बाजारात काही टवाळ पोरं चाचांना 'रंगारी' म्हणायला लागली. दगड कापणाऱ्याला ही शिवीच. मी त्यातल्या दोघांच्या अंगावर धावून गेलो. चाचांनी मला धरून बसवलं आणि बाजारभर ऐकू जाईल असं शांतपणे बोलले, "माझ्या खड्यात ज्या दिवशी रंग निघंल, त्या दिवशी हे चाक मी माझ्या हातानं फोडीन."

दगड घासायचं ते चाक त्यांच्या बापाचं होतं, धनुष्यासारख्या कमानीच्या दोरीनं फिरवायचं. त्यामुळं मी तेव्हापासून धास्तावलेलाच असायचो. चाक फुटलं तर पडवीच्या त्या अर्ध्यात बसून हा माणूस करणार काय?

पहिली परीक्षा घेतली शाळेतल्या फारसीच्या मास्तरांनी. त्यांनी आमच्याकडून जांभळा खडा नेला तो थेट घरी जाऊन दुधात टाकला. त्यांना कुणीतरी सांगितलेलं, दुधात उकळला की खोटा रंग उतरतो. सकाळी चुलीवर ठेवलेलं दूध दुपारपर्यंत उकळत होतं. मास्तर समोर पाट टाकून बसलेले.

दुसऱ्या दिवशी आले. चाचांनी काम थांबवलं. मी हातोडी खाली ठेवली.

"काय झालं मास्तर? रंग उतरला?"

"छे. रंग होता तसाच आहे." मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "पण बासुंदी फार सुरेख झाली होती. पुढच्या रविवारी अजून एखादा खडा तपासायला मिळेल का?"

*

शनीचं गिऱ्हाईक वेगळं. शनीसाठी नीलम सांगतात, तो कुणाला परवडायचा? मग जोशीबुवा म्हणायचे, जांभळ्या अकीकावर भागवा.

तलवाड्याहून एक घाणेवाला आला, तेल काढणारा. जोशीबुवानं सांगितलेलं, उजव्या हाताच्या मधल्या बोटात, शनिवारी. मी माप घ्यायला हात पुढं करा म्हटलं. केला. मधलं बोटच नव्हतं. कधीकाळी घाण्यात सापडून मुळापासून गेलेलं.

माझं डोकंच फिरलं. "अहो, जोशीबुवानं हात बघितला का नुसती पत्रिका?"

"पत्रिकाच बघितली."

चाचा म्हणाले, "मंग शेजारच्या बोटात घाला."

"न्हाई जमायचं. मधलंच सांगितलंय. तुमी मधल्याच मापाची करा, म्या देव्हाऱ्यात ठीवतो."

"पण माप कुठून आणू?" मी म्हटलं.

तो माझ्याकडं असा बघत राहिला, जसं काही अक्कल मलाच कमी आहे. "बोट शनीनंच नेलंय. त्याच्या मापाला बसली म्हंजी झालं."

अंदाजानं केली. घेऊन गेला. त्याची तक्रार कधी आली नाही, म्हणजे बसली असावी.

*

रमजानात चाचांची पंचाईत व्हायची. रोजा असताना दगडाला जीभ लावायची नाही, असा त्यांचा स्वतःचा नेम. मग ते काम माझ्याकडं यायचं. मी जीभ लावायची आणि थंड की गरम ते सांगायचं.

एकदा गोदामावशी दगड घेऊन आली, चाचांचा रोजा, आणि नेमकी माझी एकादशी. मी एकादशी काटेकोर पाळायचो. पाण्याशिवाय काही नाही. दगड समोर पडलेले आणि दोघंही तोंड मिटून बसलेलो. मावशीला संध्याकाळच्या आत लेकीकडं पोचायचं होतं.

"मावशी, तूच लाव," मी म्हटलं.

"माजी बी एकादस हाय."

चाचा म्हणाले, "तुमच्या एकादशीला काय काय चालतं?"

मावशीनं बोटांवर मोजलं. "भगर चालती. शेंगदाणे चालत्यात. रताळं चालतं." मग थांबली, दगडांकडं बघितलं. "आता रताळं बी मातीतनंच निघतंय की. मातीतलं रताळं चालतंय तर मातीतली गारगोटी कावून चालत न्हाई?"

मावशीनं एकेक दगड उचलला, देवाचं नाव घेतलं आणि सगळे चाटून दिले. तिनं काढलेल्या दगडांत एकही खोटा निघाला नाही. चाचा नंतर कित्येक दिवस मला म्हणायचे, "तुझ्यापरीस तिची जबान बरी."

*

हा किस्सा हसायचा नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दगड भाजायचं काम चाचीचं. अमीनाचाची. नव्या मडक्यात राख, राखेत दगड, भोवती गोवऱ्या रचून पेटवायचं. दिवसभर जळू द्यायचं, दुसऱ्या दिवशी गार झालं की उघडायचं. राखाडी गेलेले दगड लाल होऊन यायचे. फक्त जांभळ्याला आग दाखवायची नाही. जांभळा आगीत घातला की रंग निघून जातो आणि हातात पांढरी गारगोटी उरते. हे चाचीइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

तीस वर्षं चाचीनं दुसऱ्यांचे खडे भाजले, तिच्या स्वतःच्या बोटात कधी खडा नव्हता. चाचांच्या मनात होतं, या ईदला द्यायचा. एक लहानसा जांभळा त्यांनी गुपचूप कापला, आठ दिवस पॉलिश केलं, आणि चाचीला दिसू नये म्हणून कुठं लपवला? कोपऱ्यात पालथ्या घातलेल्या रिकाम्या मडक्याखाली, चिंधीत गुंडाळून.

चाचीला त्या दिवशी तेच मडकं हाताला लागलं. चिंधी दिसली, तिला वाटलं दगडच बांधून ठेवलेत. सगळं आत गेलं.

दुसऱ्या दिवशी मडकं उघडलं तेव्हा मी तिथंच होतो. लाल दगडांच्या मधे एक कापलेला, गुळगुळीत, पांढराफटक खडा. चाचीनं तो उचलला. "यो कटा हुआ नगीना किसका है?"

चाचा म्हणाले, "तेराच था."

चाची खाली बसली. मग म्हणाली, "लोकां के नगीने संभालके भूनी मैं. अपनाच जला डाली." आणि पदर डोळ्यांना लावला. मला तिथं उभं राहवेना, पण जाताही येईना.

चाचांनी रुमाल सोडला, उकिरड्यावरचा तो मोठा दगड काढून तिच्या हातावर ठेवला. म्हणाले, "तुझी अंगठी आता यातून. दुसऱ्या कुणाला यातला तुकडा न्हाई."

त्या दिवसापासून तो दगड चाचीच्या पेटीत राहिला.

*

पुढं चार-सहा महिन्यांनी कचेरीतले पेशकार आले. पेशकार म्हणजे साहेबापुढं कागद ठेवणारा कारकून. त्यांनी आमच्याकडून जांभळ्या खड्याची अंगठी नेली होती. आता ती माझ्यापुढं आदळली. खडा पांढरा पडलेला.

"रंग उडाला. रंगारी कुठले."

मी अंगठी उचलली. चाचांनी खडा बघायच्या आधी मी माझी चांदी बघितली. चांदीच्या आतल्या बाजूला काजळी होती आणि खडा धरणारी कड एका जागी वितळून बसली होती. माझ्या हातची चांदी, मला कळणार नाही? हा माणूस कुठंतरी ऐकून आला होता की अकीक भाजला की रंग चढतो. रंग अजून गडद व्हावा म्हणून यानं अंगठीसकट चुलीतल्या निखाऱ्यात घातला होता.

मी म्हटलं, "पेशकारसाहेब, चुलीत काय शिजवलंत?"

त्यांचा चेहरा पडला. पण पेशकारच ते, माघार कशी घेणार? अंगठी हिसकावली आणि चालते झाले. चार दिवसांनी तालुकदारसाहेब दौऱ्यावर आले. तालुकदार म्हणजे तुमचा आताचा कलेक्टर. पेशकारांनी त्यांच्यापुढं तक्रार ठेवली की गफूर रंगवलेले खडे असली म्हणून विकतो. आम्हाला बोलावणं आलं. खडे खोटे ठरले तर दुकान बंद.

मी म्हटलं, "चाचा, आता त्याची काजळी सायबासमोर दाखवतो. तोंड काळं करतो त्याचं."

"न्हाई. काजळीचं बोलायचं न्हाई."

"कावून?"

"सायबापुढं खोटी तक्रार केली असं निघालं तर त्याची नोकरी जाईल. चार लेकरं हायत त्याला."

"आन तुमचं चाक?"

"ते माझं मी बघतो बे."

मी लई बोललो. नको ते बोललो. "मंग बुडा तुमी," असंही म्हटलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. चाचा ऐकून घेत राहिले आणि मग घरात गेले. मी दारातूनच ऐकत होतो. चाचांनी काही मागितलं नाही. चाचीनंच पेटी उघडली, तो दगड काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "नाम रहा तो अंगूठी का देखेंगे."

चाचांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. तुझी लहान ऐरण बरोबर घे, आणि गोदामावशी लेकीकडं आलीय, तिला साक्षीला बोलाव. दगड कुठून आला ते सांगायला कुणीतरी पाहिजे.

*

कचेरीत साहेब खुर्चीवर, बाजूला पेशकार उभे. मावशीला चपराशानं दाराशी उभं केलं आणि बजावलं, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मावशी म्हणाली, "बरं."

साहेबांनी पांढरी अंगठी वर धरली. "रंग उडाला, हे खरं?"

"खरं हुजूर," चाचा म्हणाले. "कुदरती जांभळा आगीजवळ टिकत न्हाई. विकताना मी सांगाया पाहिजे होतं. न्हाई सांगितलं. तेवढी चूक माझी."

पेशकारांच्या मानेवरून घामाचा ओघळ आला. मी ओठ दाताखाली धरून उभा.

साहेब म्हणाले, "दिलेला रंगसुद्धा आगीत जातो. मग दिलेला कोणता अन् कुदरती कोणता, कसं कळायचं?"

"दिलेला रंग वरवर बसतो, हुजूर. कुदरती असंल तर मधोमध तसाच."

"दाखव."

चाचांनी माझी ऐरण जमिनीवर ठेवली. रुमाल सोडला. तो दगड बघून साहेबसुद्धा पुढं वाकले. म्हणाले, "इतका मोठा? हा फोडणार?" चाचांनी चार वर्षं त्या दगडावर कुठून कापावं ते बघितलं होतं. त्या दिवशी त्यांनी बघितलंच नाही. बिस्मिल्ला म्हणाले आणि हातोडी घातली.

दोन तुकडे झाले. आतही तोच रंग, काठापासून मध्यापर्यंत, कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही.

पेशकारांना काहीतरी बोलणं भागच होतं. ते वाकले, दोन्ही तुकडे बघितले, आणि म्हणाले, "हुजूर, यानं आतपर्यंत रंगवलंय."

मी डोळे मिटून घेतले. चाचा तसेच बसून होते, हातोडी मांडीवर. ते म्हणाले, "जी. रंगवलंय तर आतपर्यंतच. पण रंगारी मी न्हाई."

साहेब पेशकारांकडं बघत राहिले. मग हसले. "असली है," म्हणाले. "दुकान चालू राहील." एक तुकडा त्यांनी चाचांना परत दिला, चाचीची तुटक्या कडेची अंगठी पुढं त्यातूनच झाली. दुसरा स्वतःच्या हातात घेऊन उजेडात धरला. त्यांना तो खाली ठेवावासा वाटत नव्हता. म्हणाले, "तुम्ही लोक न फोडता कसा ओळखता?"

"जबान लावून, हुजूर. असली असंल तर थंड लागतो."

साहेबांनी दाराकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं, आणि तुकड्याच्या वरच्या बाजूला जीभ लावली. "ठंडा है," म्हणाले. खूश झाले. पुन्हा लावली. पालथा करून तिसऱ्यांदा लावली. आणि तसाच तो ओठाशी धरून त्यांनी दाराकडं मान वळवली.

"बाई, तू आणलास ना हा? कुठं सापडला?"

मी चाचांकडं बघितलं. चाचा आढ्याकडं बघत होते.

गोदामावशीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "घरामागं, सायब," ती म्हणाली. "उकिरड्यावर."